गोडसे भटजींचा जमाखर्च

दिल्लीच्या दक्षिण भागात, आय. एन. ए. बाजाराला लागून, सरकारी नोकरांची जी वसाहत आहे तिला लक्ष्मीबाई नगर असे नाव आहे. येथे घर मिळते ते पगाराच्या श्रेणीप्रमाणे आणि ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे. कोणाच्या वाट्याला कोणत्या टाइपचा क्वार्टर यावा हे ठरविण्यात दैवाला फारसा वाव नाही. निवृत्तीनंतर ठरलेल्या मुदतीत किल्ली परत करावी लागते आणि मुलाबाळांना त्या भिंतींचा वारसा पोहोचत नाही. ज्या स्त्रीचे नाव ही वसाहत मिरविते तिचे इंग्रजांशी असलेले भांडण मुळात वारशाचेच होते, ही गोष्ट पत्ता लिहिताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

परप्रांती नोकरीला असलेल्या मराठी माणसाच्या घरात मात्र वारसा हा विषय कायमचा उघडा असतो. गावचे घर, आंब्याची चार झाडे, देवघरातले टाक, आईच्या पाटल्या यांची वाटणी कधीतरी व्हावयाची असते, आणि ती होताना एक वाक्य हटकून कानी पडते: देवाघरी न्याय आहे. ज्याच्या पदरी जास्त पडले तो हे वाक्य समाधानाने उच्चारतो, ज्याच्या पदरी कमी पडले तो दीर्घ निःश्वास सोडून. एकाच वाक्याने दोघांचेही काम भागत असेल तर त्या वाक्याची एकदा नीट तपासणी झाली पाहिजे. ती करण्यास मराठीत विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाइतका सोयीचा ग्रंथ आम्हांस दुसरा दिसत नाही.

या ग्रंथाची आजवर झालेली स्तुती बहुतेक एकाच अंगाने झाली आहे. सत्तावन सालच्या बंडाचा मराठी साक्षीदार, झाशीच्या वेढ्यातून वाचलेला भिक्षुक, इतिहासाला अकल्पित लाभलेला बखरकार, अशा शब्दांत त्याचे कौतुक होते. ते रास्तच आहे. परंतु साक्षीदार म्हणून पाहू गेल्यास भटजींची साक्ष पुष्कळ ठिकाणी ऐकीव आहे. कलकत्त्याला इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे चौऱ्यांशी कलमांची यादी ठेवली ही त्यांनी दिलेली हकीकत इतिहासकाराने जपूनच घ्यावी. आमच्या मते या पुस्तकाचे खरे बळ निराळे आहे. घरचे कर्ज फेडण्यासाठी बाहेर पडलेल्या माणसाचा हा जमाखर्च आहे, आणि त्या जमाखर्चात ईश्वरालाही एक खाते उघडलेले आहे.

भटजी कुलाब्याकडचे, आजच्या रायगड जिल्ह्यातील पेणजवळच्या वरसईचे. घरात कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा सढळ मिळणार, अशी वार्ता आली, आणि १८५७ च्या प्रारंभी काकांना बरोबर घेऊन ते हिंदुस्थानात जाण्यास निघाले. महूच्या सुमारास शिपायांकडून पुढच्या उत्पाताची कुणकुण लागली, तरी ते परत फिरले नाहीत. कर्ज हा सावकार मागे असला म्हणजे पुढच्या तोफांची भीती कमी वाटते. नोकरीसाठी घर सोडलेल्या कोणाही माणसाला हे प्रस्थान परके वाटणार नाही. फरक इतकाच की भटजींना प्रवासभत्ता नव्हता.

भिक्षुकाच्या धंद्यात वाटणीचे शास्त्र पक्के असते. कोणत्या शाखेच्या वैदिकाला किती, ऋत्विजाला किती, नुसत्या उपस्थिताला किती, हे ठरलेले असते आणि त्यात चूक झाली तर तेथल्या तेथे वाद होतो. देणारा यजमान आणि त्याच्या मागे देवविणारा ईश्वर अशी ही जोडव्यवस्था आहे. म्हणून भटजींचा ईश्वराच्या न्यायावरचा विश्वास हा काव्यातला विश्वास नव्हे, तो व्यवहारातला आहे. मिळाले तर संचित फळले, लुटले गेले तर प्राक्तन आडवे आले. पुस्तकभर हा हिशेब चालू आहे, आणि वाचकाला प्रथम तो भाबडा वाटतो. पुढे झाशी येते.

झाशीच्या प्रकरणाआधी कायद्याची थोडी माहिती घ्यावी लागेल. सरकारी नोकरीतल्या वाचकाला तिचा कंटाळा येणार नाही असे धरून चालतो. आपल्या धर्मशास्त्रात पिंड आणि रिक्थ, म्हणजे श्राद्धाचा अधिकार आणि मालमत्तेचा अधिकार, एकमेकांत गुंतलेले असत. जो पिंड देईल तो वारस. दत्तकाची सारी मातब्बरी या गाठीवर होती. कंपनी सरकारने ही गाठ दोन बाजूंनी सोडविली. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने असे ठरले की, जात गेली किंवा धर्म बदलला म्हणून कोणाचा वारसा बुडणार नाही. म्हणजे पिंड न देणाऱ्यालाही रिक्थ मिळू लागले. हा कायदा आम्हांस न्याय्य वाटतो. अंतःकरण बदलले म्हणून बापाच्या घराबाहेर हाकलून देण्याची सत्ता कोणत्याही जातगंगेला नसावी. परंतु पुढे चारच वर्षांनी झाशीच्या बाबतीत त्याच सरकारने उलट टोक ओढले. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलगा दत्तक घेतला व त्याचे नाव दामोदर ठेवले. डलहौसीने १८५४ साली निर्णय दिला तो असा की, हा मुलगा खाजगी मालमत्तेचा वारस खरा, राज्याचा नव्हे. मुलाने पिंड द्यावा, श्राद्ध करावे, राज्य मात्र सरकारजमा व्हावे! सातारा १८४८ मध्ये याच न्यायाने गेले होते, आणि झाशीच्याच वर्षी नागपूरही गेले. ब्रह्मावर्ती दुसऱ्या बाजीरावांच्या दत्तकपुत्राला, नानासाहेबांना, १८५१ पासून बापाची आठ लाखांची पेन्शन नाकारली गेली होती ती वेगळीच.

राणीला दरमहा पाच हजारांची नेमणूक देऊ केली गेली. तिच्यातून पतीचे कर्ज वळते करून घ्यावे असेही सरकारने सुचविले. राज्याचा वारसा पोहोचत नाही, कर्जाचा पोहोचतो. मुलाच्या मुंजीसाठी मुलाच्याच नावे ठेवलेल्या रकमेतून एक लाख रुपये काढावयाचे तर त्यालाही जामीन द्यावा लागला. पारसनीसांनी १८९४ साली लिहिलेल्या राणीच्या चरित्रात या अर्जविनंत्यांची हकीकत आली आहे. ती वाचताना तलवारीपेक्षा या कागदांचाच आम्हांस अधिक त्रास होतो. तलवारीने घेतलेल्या वस्तूला निदान कोणी न्याय म्हणत नाही.

अशा या गावात आमचे भटजी दक्षिणेसाठी राहिले, आणि मार्च १८५८ च्या अखेरीस सर ह्यू रोजचा वेढा पडला. एप्रिलच्या आरंभी शहर पडले. पुढचे वर्णन ज्यांनी वाचले आहे ते ते विसरलेले नसतील. कत्तल, आग, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची झालेली राख यांविषयी भटजी लिहितात तेव्हा त्यांची वाक्ये अगदी साधी होतात. त्यातील एका गोष्टीकडे टीकाकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. लुटीची ते जी हकीकत देतात तिच्यात पाळ्या आहेत. आधी गोऱ्यांनी सोनेनाणे न्यावे, नंतर देशी पलटणींनी तांब्यापितळेची भांडी, नंतर कपडे, नंतर धान्य. दक्षिणेच्या वाटपात जन्म घालविलेल्या माणसाच्या डोळ्यांना हा क्रम दिसला नसता तरच नवल. लूटसुद्धा शिस्तीने वाटली गेली, प्रत्येकाला आपापल्या पायरीप्रमाणे! येथे भटजींनी टीका केलेली नाही. ईश्वराचे नाव या जागी त्यांनी जोडले नाही, एवढेच आम्ही पाहतो. एरवी चार आणे मिळाले तरी ईश्वराचे स्मरण करणारा हा लेखक येथे थांबतो. हे थांबणे मुद्दाम केलेले असेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु पुस्तकातील सर्वांत प्रामाणिक जागा कोणती असे कोणी विचारले तर आम्ही हीच दाखवू.

आता विहिरीचा प्रसंग. झाशीहून निसटलेली राणी पुढे काल्पीच्या बाजूला भटजींना एका विहिरीवर भेटते. तहानलेली, धुळीने भरलेली. भटजी पाणी काढू लागतात तेव्हा ती त्यांना थांबविते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढावे हे तिला रुचत नाही, आणि ती स्वतःच पोहरा ओढते. मग ती आपल्या वाट्याचा हिशेब सांगते: विधवेच्या पोटाला लागणार अर्ध्या शेर तांदळाएवढे, तेवढ्यावर ती राहू शकली असती. धर्माच्या अभिमानाने ती या कामात पडली. अपयशाचा ठपका ती ईश्वरावर ठेवीत नाही.

या प्रसंगावर आजवर पुष्कळ डोळे पाणावले आहेत आणि तो पाठ्यपुस्तकी झाला आहे. आम्हांस तेथे दोन निरनिराळ्या श्रद्धा समोरासमोर उभ्या दिसतात. भटजींची श्रद्धा अशी की, ईश्वर प्रत्येकाला त्याच्या संचिताप्रमाणे देतो, म्हणून मिळेल तो वाटा योग्य. राणीने तिच्यापुढे अर्धा शेर ठेवला गेला तेव्हा तो आपला वाटा मानला नाही. झगडा केला, हरली, आणि मग ईश्वराच्या न्यायाविषयी तक्रार केली नाही. विश्वास दोघांचाही आहे. पण एकाचा विश्वास वाटणी होताच सुरू होतो, दुसरीचा आपल्याकडून करावयाचे ते सर्व करून झाल्यावर. देवाघरी न्याय आहे या वाक्याचे मोल ते केव्हा उच्चारले यावर ठरते. अर्जाची पहिली प्रत पाठविण्यापूर्वीच ते म्हणून मोकळे होणारा मनुष्य श्रद्धावान की आळशी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

भटजींनी हे सारे लिहून काढले ते पुष्कळ वर्षांनी, १८८३-८४ च्या सुमारास, भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून. या सनाशी आम्ही जरा थांबतो, कारण १८८३ हेच जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे साल. एकाच मराठीत, एकाच वेळी, दक्षिणेच्या जमाखर्चाच्या दोन्ही बाजू लिहिल्या जात होत्या आणि एका लेखकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता! भटजींच्या वहीत जी रक्कम जमेला पडते ती कोणाच्या तरी वहीत खर्ची पडलेली असणारच. संस्थानिक दक्षिणा वाटतो ती रयतेच्या साऱ्यातून. जन्मापासून मृत्यूपर्यंत आणि त्यानंतरही धर्मकृत्यांच्या निमित्ताने शेतकऱ्याचा वाटा कसा निघून जातो, हे फुल्यांनी पहिल्याच प्रकरणात मांडले, आणि दुसऱ्यात सरकारी कचेऱ्यांतल्या भट कामगारांकडे मोर्चा वळविला. सरकारी नोकरीतल्या वाचकाने ते दुसरे प्रकरण चुकवू नये. आम्ही ते पहिल्यांदा वाचले तेव्हा खुर्ची किंचित टोचल्याचे स्मरते.

फुले नास्तिक नव्हते, हे येथे महत्त्वाचे आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना सारखे अधिकार दिले असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे ईश्वराच्या न्यायावर त्यांचा विश्वास भटजींइतकाच दृढ होता, किंबहुना अधिक. पण निष्कर्ष नेमका उलटा. भटजींचा ईश्वर विषम वाटतो, कारण माणसांचे संचित विषम आहे. फुल्यांचा निर्मिक सारखेच वाटतो, म्हणून जेथे विषमता दिसेल तेथे माणसाचा हात शोधावा. या दोन मतांपैकी तर्कदृष्ट्या कोणते टिकते, हा वाद तत्त्वज्ञांचा आहे. साहित्याच्या दृष्टीने आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, झाशीची लूट वर्णिताना भटजींच्या लेखणीने संचिताचे नाव काढले नाही, आणि त्या पानापुरते ते नकळत फुल्यांच्या बाजूला जाऊन बसले.

फुल्यांच्या घरीही दत्तकाचा प्रश्न उपस्थित झालाच. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला होता, आणि १८८७ साली मृत्युपत्र करून त्याला वारस नेमले होते. तरी १८९० च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या दत्तकाच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे धरले. पिंड आणि रिक्थ यांची गाठ डलहौसीने एका रीतीने सोडविली, भाऊबंद दुसऱ्या रीतीने आवळू पाहत होते. एका बाईने ती हातात घेऊन चालावयास सुरुवात केली.

आता कोणी म्हणेल, वाटा सोडून देणे हाच खरा भक्ताचा मार्ग, आणि तुकोबांचे उदाहरण देईल. महिपतींनी सांगितलेली ती कथा सर्वांस ठाऊक आहे: सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली. ही कथा सांगताना तिचा एक भाग बहुधा गाळला जातो. खतांचे आधी दोन भाग झाले. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा भाग त्यांच्या हाती दिला गेला, आणि नदीत पडला तो तुकोबांचा स्वतःचा अर्धा. विठ्ठलावर भार टाकणाऱ्या त्या पुरुषाने भावाचा भार मात्र विठ्ठलावर टाकला नाही, तो मोजून भावाच्या पदरात घातला. स्वतःचा वाटा सोडण्यास श्रद्धा पुरते. दुसऱ्याचा वाटा सोडण्यास श्रद्धेचा काही अधिकार नाही. ही सूक्ष्म रेघ ज्या कथाकाराने राखली त्याच्या विवेकाला आम्ही नमस्कार करतो. कीर्तनांतून ही रेघ पुसट होते, आणि ती पुसट होण्यात ज्यांचा लाभ असतो ते कीर्तनाला पुढेच बसलेले असतात.

आमच्या वाचकांच्या घरी हा प्रश्न आज कोणत्या रूपात येतो, तेही सांगितले पाहिजे. गावी राहिलेला भाऊ म्हणतो, तुला देवाने सरकारी नोकरी दिली, पेन्शन दिली. घर आम्हांला राहू दे. हे म्हणण्यात तथ्य असू शकते, कारण आईवडिलांचे दुखणेखुपणे त्याने काढलेले असते. पण तोच न्याय पुढे बहिणीला लावला जातो. तुला देवाने भरल्या घरी दिले आहे, हक्कसोडपत्रावर सही कर. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध वाटा दिला, २००५ साली तो साऱ्या देशाचा कायदा झाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने, दुरुस्तीच्या वेळी बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मानेच आहे असा निर्वाळा दिला. इतके होऊनही देवाने दिलेल्या गोष्टींची यादी वाचून दाखविली की पुष्कळ बहिणी सही करतात. जी आपखुशीने करील ती तुकोबांच्या वाटेची. परंतु तिच्या वतीने तिचा वाटा इंद्रायणीत टाकणारे भाऊ कोणाच्या वाटेचे? महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) बापाच्या मृत्यूनंतरच्या तेरा दिवसांत मुंबईहून आलेला भाऊ आणि वाड्यात राहिलेली माणसे यांच्यात जे घडते ते पाहताना ईश्वराचे नाव फारसे कोणी घेत नाही. खर्च कोणी करावयाचा, दागिने कोठे आहेत, हेच बोलणे. पुष्कळांना ते नाटक कठोर वाटते. आम्हांस ते एका अर्थी स्वच्छ वाटते. वाटणीचे बोलणे वाटणीच्या भाषेत होते, पुण्याच्या भाषेत होत नाही.

भटजींकडे परत येऊ. त्यांच्यावर आमचा राग नाही, आणि त्यांना लोभी ठरविणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. झाशीत लुटले गेले, पुढे वाटेत पुन्हा लुटले गेले, तरी चित्रकूट, अयोध्या, काशी करीत ते फिरले. अखेर घरी परतताना त्यांच्या खांद्यावर गंगेची कावड होती. काशीपासून वरसईपर्यंत ती वाहून त्यांनी आईवडिलांना गंगेचे स्नान घातले. कर्ज फेडण्यास निघालेला मुलगा धनाऐवजी पाणी घेऊन आला, ही घटना जमाखर्चात कोठे मांडावी? संचिताच्या हिशेबात ती बसते असे भटजींना वाटत असावे. आम्हांस तसे वाटत नाही. ही कावड कोणी वाटून दिलेली नव्हती. ती त्यांनी स्वतः उचलली होती, आणि पुस्तकातील आशीर्वाद या शब्दाला पात्र अशी एकच वस्तू तिच्यात होती. दत्तक दामोदररावांच्या वाट्याला एवढेही आले नाही. ते पुढे इंदुरास इंग्रजांनी बांधून दिलेल्या नेमणुकीवर राहिले आणि १९०६ साली वारले. राज्य त्यांना परत मिळाले नाही.

पुस्तकाच्या प्रतींविषयी दोन शब्द. भटजींनी आपले लेखन छापलेले पाहिले नाही. वैद्यांनी १९०७ साली ते प्रसिद्ध केले, पण भाषा सारखी करून व मजकुरात काटछाट करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. वैद्यांची प्रत सुबोध आहे आणि अनेक घरांत तीच आढळते. परंतु ज्या गृहस्थाचा जमाखर्च तपासावयाचा त्याची मूळ वही पाहावी, मुनिमाने उतरवून काढलेली नव्हे. पोतदारांच्या प्रतीतील वाक्ये लांब आहेत, विरामचिन्हांची सवय त्यांना नाही, आणि दक्षिणेचे आकडे व देवाचे आभार एकाच दमात येतात. दिल्लीतील मराठी संस्थांच्या कपाटांत ती प्रत हाती लागली तर झाशीच्या लुटीची पाने प्रथम काढावीत.